धाकट्या मित्राची साक्ष

युद्धाच्या न्याय्यतेचा विचार करताना ख्रिस्ती धर्मशास्त्राने आपले प्रश्न मुख्यतः दोघांना विचारले आहेत : युद्ध पुकारणाऱ्या राजाला आणि त्या राजाच्या आज्ञेने शस्त्र उचलणाऱ्या प्रजाजनाला. तेराव्या शतकात टॉमस अक्वायनस याने युद्ध न्याय्य ठरण्यासाठी तीन अटी सांगितल्या. ते पुकारण्याचा अधिकार असलेल्या सत्तेनेच पुकारलेले असावे, प्रतिपक्षाच्या हातून खरोखर काही अपराध घडलेला असावा, आणि लढणाऱ्याचा हेतू शुद्ध असावा, म्हणजे न्याय्य कारण पुढे करून त्याच्या आड त्याने लोभ, सूड किंवा सत्तेची हाव लपवलेली नसावी. १५३९ साली सालामांका येथे दिलेल्या व्याख्यानांत फ्रान्सिस्को दे व्हितोरिया या डोमिनिकन पंडिताने याच चौकटीत जबाबदारीची वाटणी केली. राजाने एकट्या स्वतःच्या मतावर विसंबून युद्धात उतरू नये. ज्यांना राजसभेत स्थान आहे त्यांनी युद्धाचे कारण तपासलेच पाहिजे. सामान्य सैनिकाला, ज्याच्यापर्यंत राज्याची खलबते पोहोचत नाहीत, संशयाचा फायदा राजाला देण्याची मुभा आहे. परंतु युद्ध अन्याय्य आहे अशी त्याच्या विवेकबुद्धीची खात्री झाली असेल, तर राजाज्ञा असतानाही त्याने लढता कामा नये.

या वाटणीत एका तिसऱ्या पात्राची जागा अस्पष्ट राहते. दुसऱ्याने पुकारलेल्या युद्धात, मैत्रीखातर, मोजके सैन्य घेऊन उतरणारे लहान राष्ट्र हे ते पात्र होय. ते कोणाची प्रजा नसते, त्यामुळे सामान्य सैनिकाची मुभा त्याला मिळू शकत नाही. आणि युद्धाचा आरंभ, त्याचा विस्तार व त्याचा शेवट यांपैकी काहीच त्याच्या हाती नसते, त्यामुळे राजाची संपूर्ण जबाबदारीही त्याच्यावर टाकणे अवघड वाटते. व्यवहारात अशी राष्ट्रे या दोन्ही भूमिकांतील सोयीचा भाग उचलतात. देशातल्या लोकांसमोर ती सार्वभौम राजाच्या भाषेत बोलतात आणि युद्धाचा हिशेब मागितला गेला की प्रजाजनाच्या नम्रतेने थोरल्या मित्राकडे बोट दाखवतात. थोरल्याचे न्याय्य कारण धाकट्याला उसने घेता येते काय, आणि घेतले तर त्याची परतफेड कोण करतो, हा येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न आहे. त्यासाठी व्हिएतनाम युद्धातील ऑस्ट्रेलियाचे उदाहरण विशेष उपयोगी आहे, कारण त्या देशाच्या सरकारने बोलण्यात हात कधी आखडता घेतला नाही.

सहभागाचा तपशील थोडक्यात असा. १९६२ च्या मध्यास ऑस्ट्रेलियाने तीस लष्करी प्रशिक्षक दक्षिण व्हिएतनामला पाठवले. १९६५ मध्ये एक बटालियन गेली आणि ती बिएन होआ येथे अमेरिकी ब्रिगेडच्या दिमतीला राहिली. १९६६ पासून फुओक तुय प्रांतात नुई दात येथे ऑस्ट्रेलियाची स्वतंत्र टास्क फोर्स उभी राहिली. संख्या सर्वाधिक होती तेव्हा ती ८,००० च्या आसपास पोहोचली. १९७२ पर्यंत एकूण सुमारे ६०,००० ऑस्ट्रेलियन या युद्धात जाऊन आले आणि ५०० हून अधिक मृत्युमुखी पडले. त्याच काळात अमेरिकेचे तेथील सैन्य पाच लाखांच्या वर गेले होते.

या निर्णयामागील भीती खोटी नव्हती, हे आधीच मान्य केले पाहिजे. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले आणि अवघ्या चार दिवसांनी डार्विन बंदरावर जपानी बॉम्ब पडले. ब्रिटिश साम्राज्याच्या छत्राखाली आपण सुरक्षित आहोत ही समजूत त्या आठवड्यात संपली. तिच्या जागी आलेला १९५१ चा ॲन्झस करार, म्हणजे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व अमेरिका यांचा संरक्षण करार, वाचावयास दिलासा देणारा असला तरी संकटकाळी प्रत्येक देश आपापल्या घटनात्मक प्रक्रियेनुसार पाऊल उचलेल, एवढेच त्यात म्हटलेले होते. सैन्य येईलच असे वचन त्यात कोठेही नव्हते. १९६२ मध्ये पश्चिम न्यू गिनीच्या प्रश्नावर अमेरिकेने ऑस्ट्रेलियाची इच्छा बाजूला ठेवून इंडोनेशियाला अनुकूल तोडगा काढला, तेव्हा त्या कराराची पातळ बाजू कॅनबेरातील राज्यकर्त्यांच्या लक्षात आली. अमेरिकेने आग्नेय आशियातून पाय काढू नये आणि आपली वेळ आली असता तिला आपली आठवण राहावी, हा त्यांचा खरा हिशेब होता. पुढील अभ्यासकांनी व्हिएतनाममधील सैन्याला विम्याचा हप्ता म्हटले आहे, आणि सरकारच्या अंतर्गत विचाराचे ते बरेचसे नेमके वर्णन आहे.

हा हिशेब जसाच्या तसा जाहीरपणे मांडता येत नव्हता. पंतप्रधान रॉबर्ट मेंझीज यांच्या कारकिर्दीतील दोन घोषणा शेजारी ठेवल्या म्हणजे अडचण कोठे होती ते कळते. ३ सप्टेंबर १९३९ रोजी त्यांनी रेडिओवरून देशाला सांगितले होते की, ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आहे आणि त्याचा परिणाम म्हणून ऑस्ट्रेलियाही युद्धात आहे. वेगळे कारण देण्याची गरज तेव्हा त्यांना भासली नाही, कारण राजा एकच होता आणि ऑस्ट्रेलिया त्याच्या प्रजेत मोडत होता. २९ एप्रिल १९६५ रोजी संसदेत बटालियन पाठवण्याची घोषणा करताना ‘अमेरिका लढते आहे, म्हणून आपणही’ असे म्हणण्याची सोय उरली नव्हती. त्यामुळे दोन गोष्टी सिद्ध करणे भाग पडले : आपल्याला बोलावणे आले आहे आणि धोका आपल्यालाच आहे. दक्षिण व्हिएतनामच्या सरकारची विनंती मिळाल्याचे मेंझीज यांनी सांगितले. प्रत्यक्षात सैन्य पाठवण्याचा निर्णय मंत्रिमंडळाच्या समितीने ७ एप्रिललाच घेतलेला होता, आणि सायगावमधील ऑस्ट्रेलियन राजदूताने पाठपुरावा करून मिळवलेले त्या सरकारचे पत्र घोषणेच्या जेमतेम काही तास आधी कॅनबेराला पोहोचले. दुसऱ्या मुद्द्याबाबत त्यांनी असे प्रतिपादन केले की, दक्षिण व्हिएतनाम पडला तर तो ऑस्ट्रेलियाला थेट लष्करी धोका ठरेल, कारण तेथील संघर्ष हा हिंदी व प्रशांत महासागरांच्या मध्ये घुसणाऱ्या साम्यवादी चीनच्या मुसंडीचा भाग आहे.

हे विधान प्रचार म्हणून सोडून देता येण्यासारखे नाही, कारण नीतिशास्त्राच्या दृष्टीने त्याला एक नेमके काम करावयाचे होते. इमॅन्युएल कांट याने १७९५ मध्ये लिहिलेल्या चिरंतन शांततेवरील निबंधात राज्यांनी पाळावयाच्या प्राथमिक अटींची चर्चा केली आहे. एका राज्याने आपले सैन्य दुसऱ्या राज्याला, दोघांचाही शत्रू नसलेल्या पक्षाविरुद्ध वापरावयास देणे त्याने तेथे निषिद्ध मानले. असे करणारे राज्य आपल्या प्रजाजनांना मनाला येईल तशा वापरून संपवण्याच्या वस्तू समजते, हे त्याचे कारण. हेस्सेसारख्या जर्मन संस्थानांच्या राजांनी अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडला भाड्याने दिलेल्या पलटणी तेव्हा सर्वांच्या स्मरणात होत्या. या नियमातील सारा भार ‘दोघांचा शत्रू’ या शब्दांवर आहे. शत्रू समाईक असेल तर सैनिक आपल्या देशासाठी मरतो. तो समाईक नसेल तर त्याचे मरण म्हणजे दोन सरकारांमधील देवघेव होते. म्हणून लहान राष्ट्राच्या जाहीर भाषेचे पहिले काम परक्याचा शत्रू आपला करून घेणे हे असते, आणि तो जितका दूर व जितका अनोळखी, तितकी भाषा चढी लागते. मेकाँगच्या खोऱ्यातील शेतकरी गनिमाला ऑस्ट्रेलियाशी काही देणेघेणे नव्हते. त्याला चीनचा हात ठरवल्याशिवाय डार्विनपर्यंत पोहोचवता येत नव्हते. व्हिएतनामी लोकांनी शतकानुशतके चीनच्या वर्चस्वाशी झगडा केला होता, ही इतिहासातील ठळक गोष्ट या मांडणीत कोठे बसत नाही, म्हणून ती वगळली गेली असावी.

कौटिल्याला ही अडचण परकी वाटली नसती. राज्याने परराष्ट्रांशी वागण्याचे जे सहा प्रकार अर्थशास्त्राच्या सातव्या अधिकरणात सांगितले आहेत, त्यांत संश्रय, म्हणजे बलवानाच्या आश्रयास जाणे, हा एक आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही आहे असे कौटिल्य मानत नाही. तरीही आपल्याहून बलिष्ठ राजाशी जवळीक करण्यात मोठा दोष आहे असा इशारा तो देतो आणि त्याला एकच अपवाद करतो : शत्रूशी प्रत्यक्ष झगडा जुंपलेला असेल तर. कांट नीतीच्या बाजूने आणि कौटिल्य हिताच्या बाजूने निघून एकाच ठिकाणी येऊन थांबतात, ही गोष्ट लक्षणीय आहे. आपला असा शत्रू नसताना बलवानाच्या युद्धात शिरणे एकाला अधर्म वाटते आणि दुसऱ्याला अविचार.

आता थोरल्या मित्राच्या बाजूने पाहू. अमेरिकेला ऑस्ट्रेलियाच्या बटालियनची लष्करी निकड नव्हती. एप्रिल १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ‘आणखी झेंडे’ या नावाने ओळखली जाणारी मोहीम सुरू केली होती. दक्षिण व्हिएतनाममध्ये जितक्या देशांचे झेंडे दिसतील तितके युद्ध एकट्या अमेरिकेचे वाटणार नाही, असा तिचा आशय होता. जॉन्सन यांना रायफलींपेक्षा साक्षीदारांची गरज अधिक होती. यातून धाकट्या मित्राच्या नैतिक स्थानाचे खरे स्वरूप उलगडते. तो युद्धात सामील होतो तो मुख्यतः साक्ष देण्यासाठी, आणि त्याचे सैन्य ही त्या साक्षीची अनामत रक्कम असते. स्वतंत्र विचाराचा, लोकशाहीचा, त्या प्रदेशाच्या जवळ राहणारा एक देश आपली मुले पाठवतो, त्याअर्थी धोका खरा असला पाहिजे, असा निष्कर्ष अमेरिकन मतदाराने काढावा ही अपेक्षा असते. म्हणून ‘आमचे काही हजार सैनिक नसते तरी युद्ध झालेच असते, तेव्हा आमची जबाबदारी ती केवढी’ हा लहान राष्ट्राचा नेहमीचा बचाव चुकीच्या ठिकाणी मोजमाप करतो. सैनिकांच्या संख्येत त्याचा वाटा दोन टक्क्यांच्या आत असेल. साक्षीत तो फार मोठा होता, कारण विश्वसनीय साक्षीदार मुळातच थोडे मिळाले.

न मिळालेल्या साक्षी पाहिल्या की हे आणखी स्पष्ट होते. ब्रिटनचे पंतप्रधान हॅरोल्ड विल्सन यांनी जॉन्सन यांच्या आग्रहानंतरही सैन्य पाठवले नाही. कॅनडाचे पंतप्रधान लेस्टर पिअर्सन यांनी २ एप्रिल १९६५ रोजी फिलाडेल्फियातील टेंपल विद्यापीठात भाषण करून उत्तर व्हिएतनामवरील बॉम्बफेक काही काळ थांबवण्याची सूचना केली आणि दुसऱ्या दिवशी कॅम्प डेव्हिड येथे जॉन्सन यांचा संताप अंगावर घेतला. कॅनडाला धुतल्या तांदळासारखे ठरवण्याचे कारण नाही, कारण त्याच्या कारखान्यांतून अमेरिकी सैन्याला माल जात राहिला. परंतु साक्ष नाकारली म्हणून दोन्ही देशांची मैत्री तुटली नाही, एवढे त्यातून निश्चित दिसते. जून १९६६ च्या अखेरीस तर ही तुलना एकाच आठवड्यात उभी राहिली. २९ जूनला अमेरिकी विमानांनी हनोई व हायफाँग यांच्या परिसरातील तेलसाठ्यांवर हल्ले केले. विल्सन यांनी त्या हल्ल्यांपासून ब्रिटनला जाहीरपणे अलग केले. त्याच सुमारास व्हाइट हाउसच्या हिरवळीवर ऑस्ट्रेलियाचे नवे पंतप्रधान हॅरोल्ड होल्ट यांनी जॉन्सन यांच्याबरोबर अखेरपर्यंत जाण्याची ग्वाही दिली, आणि त्यासाठी शब्द वापरले ते जॉन्सन यांच्याच १९६४ च्या निवडणूक प्रचारातील घोषणेचे. साक्षीदाराने वकिलाचेच वाक्य म्हणून दाखवावे, असा हा प्रकार होता.

साक्ष आणि अनामत यांचा मेळ बसत नाही हे ज्याच्या ध्यानात आले तो माणूस अमेरिकनच होता. १९६७ च्या उन्हाळ्यात जॉन्सन यांनी आपले सल्लागार क्लार्क क्लिफर्ड आणि जनरल मॅक्सवेल टेलर यांना मित्रदेशांकडे अधिक सैन्य मागण्यासाठी पाठवले. १९६९ मध्ये लिहिलेल्या लेखात क्लिफर्ड यांनी या दौऱ्याचा आपल्यावर झालेला परिणाम सांगितला आहे. दुसऱ्या महायुद्धात ज्या ऑस्ट्रेलियाने तीन लाखांहून अधिक सैनिक समुद्रापार ठेवले, त्याने लोकसंख्या वाढलेली असतानाही व्हिएतनामला जेमतेम सात हजार पाठवले होते, आणि आणखी देण्याबाबत त्याचे उत्तर थंड होते. शेजाऱ्यांना स्वतःला जर धोका तितका मोठा वाटत नसेल, तर अमेरिकेने तो मोठा का मानावा, ही शंका तेथे त्यांच्या मनात शिरली; पुढे १९६८ मध्ये संरक्षणमंत्री झाल्यावर युद्धाच्या विस्ताराला विरोध करणाऱ्यांत ते होते. होल्ट सरकारने ऑक्टोबर १९६७ मध्ये तिसरी बटालियन जाहीर केली खरी, पण क्लिफर्ड यांचे गणित त्याने बदलण्यासारखे नव्हते. ज्याला अस्तित्वाचा धोका वाटतो तो इतके कमी देत नाही, आणि जो इतके कमी देतो त्याला अस्तित्वाचा धोका वाटत नसतो. अक्वायनसची तिसरी अट, हेतूच्या शुद्धतेची, बाहेरून तपासता येत नाही अशी तक्रार नेहमी केली जाते. येथे मात्र सरकारने आपला हेतू स्वतःच आकड्यांत मांडून ठेवला होता.

मैत्रीच्या बाजूने जे म्हणता येते ते कमी महत्त्वाचे नाही. दिलेला शब्द पाळणे आणि उपकार स्मरणे ही राष्ट्रांच्या बाबतीतही सद्गुणांत मोडतात. १९४२ मध्ये जपानला रोखणाऱ्या अमेरिकेचे ऋण ऑस्ट्रेलियातील त्या पिढीला मनापासून वाटत होते. शिवाय आपल्या लोकांची सुरक्षितता पाहणे हे लहान राष्ट्राच्या सरकारचे पहिले कर्तव्य आहे, आणि त्यासाठी थोरल्याची मर्जी सांभाळावी लागत असेल तर त्यात नीतिभ्रष्टता शोधणे हा सुरक्षित अंतरावर बसलेल्या विचारवंताचा फाजील सोवळेपणा ठरू शकतो. तथापि ज्यांनी करारांचे पावित्र्य सर्वाधिक मानले त्यांनीच येथे मर्यादा घालून ठेवली आहे. ह्यूगो ग्रोशियस याने १६२५ च्या आपल्या ग्रंथात सांगितले की मित्रकरार अन्याय्य युद्धात साथ देण्यास कोणाला बांधू शकत नाही. एमेरिक द व्हात्तेल याने १७५८ मध्ये तेच अधिक काटेकोरपणे मांडले, की करारात गृहीत धरलेली मदतीची वेळ मित्राचे युद्ध उघड अन्याय्य असेल तेव्हा आलेलीच नसते, मग तिचा भंग होण्याचा प्रश्न कोठून येणार. म्हणजे वचनाच्या नावाने सुद्धा कारणाची तपासणी टळत नाही. व्हितोरियाने राजसभेतील मंत्र्यावर जे ओझे ठेवले तेच मित्रराष्ट्रावर येते, कारण वॉशिंग्टनच्या सभेत बसण्याचा मान मिळावा हाच तर त्याच्या सैन्य पाठवण्यामागील हेतू असतो.

महाभारतात या पेचाची एक वेगळी आणि अधिक प्रामाणिक मांडणी सापडते. युद्ध सुरू होण्यापूर्वी युधिष्ठिर कवच उतरवून भीष्म, द्रोण, कृप आणि शल्य यांच्याकडे अनुज्ञा मागण्यास जातो, तेव्हा ते चौघेही कबूल करतात की कौरवांच्या अर्थाने, म्हणजे धनाने, आपण बांधले गेलो आहोत म्हणून त्या बाजूने लढत आहोत. त्यांपैकी कोणीही दुर्योधनाचा पक्ष धर्माचा आहे असे म्हणत नाही. भीष्मांनी चूक केली की नाही यावर भाष्यकारांचा वाद संपलेला नाही आणि संपण्याचे कारणही नाही, परंतु त्यांनी हात दिला आणि साक्ष दिली नाही, हा भेद महत्त्वाचा आहे. आधुनिक लोकशाहीतील सरकारला ही वाट बंद असते. ‘आम्ही बांधलेले आहोत, म्हणून तुमची मुले पाठवतो’ असे मतदाराला सांगणारे सरकार टिकणार नाही. म्हणून त्याला हात देताना साक्षही द्यावी लागते, आणि जेथे भीष्मांचा दोष एकपदरी होता तेथे त्याचा दुपदरी होतो.

साक्षीची किंमत फुओक तुयमध्ये कोणी चुकवली हे सांगितल्याशिवाय ही चर्चा हवेत राहील. नुई दात येथील तळाभोवतीचा प्रदेश मोकळा राहावा म्हणून १९६६ मध्ये लाँग फुओक गावातील लोकांना हलवून ते गाव जमीनदोस्त करण्यात आले. त्याच वर्षी १८ ऑगस्टला लाँग तानच्या रबराच्या मळ्यात १०८ जणांच्या एका कंपनीने कित्येक पटींनी मोठ्या शत्रुदलाशी झुंज दिली; त्यात १८ ऑस्ट्रेलियन आणि शत्रुपक्षाचे शेकडो लोक मारले गेले. १९६७ मध्ये दात दो गावापासून समुद्रापर्यंत सुमारे ११ किलोमीटर लांबीचा सुरुंगांचा पट्टा टास्क फोर्सच्या प्रमुखाच्या निर्णयाने पेरला गेला. २०,००० हून अधिक सुरुंगांच्या त्या पट्ट्यातून गनिमांनी हजारो सुरुंग उकरून नेले आणि पुढे ऑस्ट्रेलियन सैनिकांच्याच वाटांवर पुरले. यांतील कोणताही निर्णय पेंटॅगॉनने लादलेला नव्हता. स्वतंत्र प्रांत हाताळण्याची मुभा ऑस्ट्रेलियाने मागून घेतली होती, त्यामुळे तेथील कृत्ये त्याचीच होती. दक्षिण कोरियाच्या बाबतीत तर हे न्यायालयाच्या पातळीवर मांडले गेले. त्या देशाने तीन लाखांहून अधिक सैनिक पाठवले आणि १९६६ च्या समझोत्यानुसार त्याबदल्यात अमेरिकेकडून मोठे आर्थिक व लष्करी साहाय्य घेतले. ऑस्ट्रेलियाच्या तुलनेत हा व्यवहार निदान रोखठोक होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये सेऊलच्या न्यायालयाने १९६८ च्या फाँग न्ही येथील हत्याकांडातून वाचलेल्या स्त्रीला दक्षिण कोरियाच्या सरकारने भरपाई द्यावी असा निकाल दिला. युद्ध कोणी पुकारले या मुद्द्याने ती जबाबदारी टळली नाही.

धर्मसंस्थांनी या प्रश्नाकडे पाठ फिरवली असे म्हणता येत नाही. मार्च १९६५ मध्ये, म्हणजे बटालियनची घोषणा होण्यापूर्वीच, आर्मिडेलचे निवृत्त बिशप जॉन मोयेस यांच्यासह अँग्लिकन चर्चच्या अनेक बिशपांनी मेंझीज यांना पत्र लिहून वाटाघाटींचा मार्ग धरण्याची विनंती केली आणि पंतप्रधानांनी सविस्तर उत्तर देऊन ती नाकारली. हा पत्रव्यवहार पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्धही झाला. दुसऱ्या बाजूला साम्यवादविरोधी कॅथलिक वर्तुळांतील मोठा गट युद्धाच्या पाठीशी उभा होता. मोयेस प्रभृतींचे वैशिष्ट्य असे की त्यांनी शांततावादाचा, म्हणजे कोणतेही युद्ध निषिद्ध मानण्याचा, आधार घेतला नाही. या युद्धाचे कारण तपासा एवढेच त्यांचे मागणे होते, जे व्हितोरियाच्या अपेक्षेला धरूनच होते.

तपासणीचा हा अधिकार सरकारने स्वतः वापरला नाही आणि ज्यांना तो हवा होता त्यांनाही दिला नाही. नोव्हेंबर १९६४ मध्ये मेंझीज यांनी सक्तीची लष्करभरती पुन्हा आणली होती. वीस वर्षांच्या तरुणांपैकी ज्यांची जन्मतारीख सोडतीच्या पिंपातून निघालेल्या लाकडी गोट्यांवर असेल, त्यांनी दोन वर्षे सेवा करावयाची. ज्या देशाने १९१६ आणि १९१७ अशा दोन्ही सार्वमतांत समुद्रापार लढण्यासाठीची सक्ती फेटाळली होती, त्याने १९६६ पासून सोडतीतील मुले व्हिएतनामला पाठवली. तेथे गेलेल्या अशा १५,००० हून अधिक जणांपैकी सुमारे २०० परत आले नाहीत. विवेकबुद्धीच्या आधारे सूट मिळे ती सर्वच युद्धांना विरोध असलेल्याला. ‘हिटलरविरुद्ध लढलो असतो, येथे लढणार नाही’ असे म्हणणाऱ्याला कायद्यात जागा नव्हती. परिणामी अक्वायनस आणि व्हितोरिया यांच्या परंपरेतील माणूस, जो युद्धायुद्धांत भेद करतो, तोच नेमका तुरुंगाच्या वाटेला लागला. याला केवळ कायद्यातील त्रुटी म्हणून भागत नाही. ज्या सरकारने मित्राच्या युद्धाचे कारण न तपासता स्वीकारले होते, त्याला कारण तपासणारा नागरिक चालण्यासारखा नव्हता, कारण असा प्रत्येक नागरिक कॅनबेराने दिलेल्या साक्षीची उलटतपासणी करत होता. घोषणेनंतरच्या पहिल्याच आठवड्यात, ४ मे १९६५ रोजी, विरोधी पक्षनेते आर्थर कॉलवेल यांनी संसदेत ती उलटतपासणी केली होती आणि पुढील वर्षीच्या निवडणुकीत त्यांचा पक्ष दणकून आपटला. मतदारांनी मेंझीज व होल्ट यांची साक्ष ग्राह्य धरली होती, हे नोंदवणे प्रामाणिकपणाचे होईल.

साक्षीदाराची आणखी एक अडचण अशी की खटला त्याचा नसतो. ३१ मार्च १९६८ रोजी जॉन्सन यांनी बॉम्बफेक मर्यादित करण्याची घोषणा केली, तेव्हा कॅनबेराचा सल्ला घेतला गेला नव्हता, आणि ज्या सभेत बसण्यासाठी एवढे केले तिचा दरवाजा तेव्हा बंदच असल्याचे दिसले. जुलै १९७१ मध्ये विरोधी पक्षनेते गॉफ व्हिटलम चीनच्या दौऱ्यावर गेले होते. १२ जुलैला पंतप्रधान विल्यम मॅकमहॉन यांनी त्यांच्यावर, चीनच्या गळाला लागल्याचा आरोप करत, कडाडून टीका केली. तीनच दिवसांनी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी जगाला सांगितले की हेन्री किसिंजर नुकतेच गुप्तपणे पेकिंगला जाऊन आले आहेत आणि आपण स्वतः तेथे जाणार आहोत. दोन महासागरांच्या मध्ये मुसंडी मारणारा जो शत्रू १९६५ मध्ये समाईक म्हणून नोंदवला गेला होता, त्याला थोरल्या मित्राने आपल्या सोयीने यादीतून काढले. खटला त्याचा असल्याने तो हे करू शकत होता. धाकट्याजवळ उरली ती दिलेली साक्ष. १८ ऑगस्टला मॅकमहॉन यांनी बहुतेक सैन्य माघारी आणण्याचे जाहीर केले, परंतु सोडती चालूच राहिल्या आणि भरतीला नकार देणारे तुरुंगात जातच राहिले. डिसेंबर १९७२ मध्ये व्हिटलम यांचे सरकार आले. त्याने पहिल्याच दिवसांत सक्ती रद्द करून या तरुणांची सुटका केली आणि त्याच महिन्यात चीनच्या साम्यवादी सरकारला राजनैतिक मान्यता दिली.